डेबियन १३ टाकण्याआधी: नवीन काय आलं, अडचणी कुठे लिहिल्यात आणि सुरुवात कशी करायची

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. या अटींत न बसणारी पण ठणठणीत चालणारी मशीन्स मुंबईत जागोजागी आहेत: क्लासच्या ऑफिसात, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या टेबलावर, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेल्या लॅपटॉपांत. त्यांच्यासाठी डेबियन १३ हा उत्तम पर्याय आहे. डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली. ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली, तिचं टोपणनाव 'ट्रिक्सी'. ज्यांनी लिनक्स कधी टाकलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. डेबियन १२ वरून येणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक वेगळी पायरी दिली आहे.

टर्मिनलच्या (टाइप करून हुकूम देण्याच्या खिडकीच्या) आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.

पायरी १: रिलीज नोट्स उघडा, पण पाचव्या प्रकरणापासून

डाउनलोडचं बटण दाबण्याआधी अर्धा तास काढा. प्रत्येक आवृत्तीसोबत डेबियनची मंडळी रिलीज नोट्स देतात. दुसऱ्या प्रकरणात नवीन काय ते असतं, चौथ्यात जुन्या आवृत्तीवरून वर कसं यायचं ते, आणि पाचव्यात या आवृत्तीच्या माहीत असलेल्या अडचणी. बहुतेक लोक दुसरं प्रकरण चाळतात आणि थांबतात. पाचवं मात्र 'असं का झालं?' म्हणत नंतर शोधलं जातं. अनेकदा उत्तर तिथे आधीच लिहिलेलं असतं, उपायासकट.

पाचवं प्रकरण पहिल्यांदा बघताना दडपण येतं, कारण त्यातला मोठा भाग सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. डोव्हकॉट, रॅबिटएमक्यू, मारियाडीबी, लिबव्हर्ट ही नावं ओळखीची नसतील तर ते परिच्छेद सरळ सोडा. प्रत्येक मुद्द्यावर स्वतःला एवढंच विचारा: ही वस्तू माझ्या मशीनवर आहे का, किंवा हे काम मी करतो का? उत्तर 'हो' आलं तेवढे मुद्दे वहीत उतरवा. घरच्या मशीनसाठी ती यादी चार-पाच ओळींच्या पुढे सहसा जात नाही.

इन्स्टॉलरच्या चुकांचं एक वेगळं पानही असतं, त्याला 'इराटा' म्हणतात. तेही एकदा बघून घ्या.

पायरी २: नवीन गोष्टींपैकी तुमच्या कामाच्या कोणत्या

कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१ वरून ६.१२ वर आला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स डेबियन १२ वर अडत असेल, तर १३ वर ते मुकाट्याने चालण्याची शक्यता बरीच आहे. डेस्कटॉपमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीच्या पर्यायांत, ग्नोम ४८, केडीई प्लाझ्मा ६.३ आणि एक्सएफसीई ४.२० मिळतात. दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या लॅपटॉपसाठी ग्नोम ४८ मधली एक सोय मोलाची आहे: हार्डवेअरची साथ असेल तर बॅटरी पूर्ण न भरता साधारण ८० टक्क्यांवर थांबवता येते. लिबरऑफिस २५.२ आहे, पायथन ३.१३.

मला सर्वात आवडलेला बदल मात्र ॲप्टमधला आहे. सॉफ्टवेअर टाकणं-काढणं करणारं हे साधन आता ३.० झालं. पूर्वी ते पॅकेजांची नावं एका ढिगात ओतायचं. आता ती रकान्यांत येतात. जे येणार ते हिरव्यात, जे काढलं जाणार ते लाल रंगात. नवख्या माणसाला याहून मोठं संरक्षण नाही. लाल यादीत डेस्कटॉपचं किंवा ब्राउझरचं नाव दिसलं तर 'नाही' म्हणून थांबायचं आणि कोणाला तरी विचारायचं.

२०३८ चा प्रश्नही या आवृत्तीत मार्गी लागला. जुन्या ३२-बिट प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या आकड्यात मोजतात, तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. डेबियनने आपली पॅकेजं ६४-बिट वेळेवर नेली आहेत. अपवाद एकच, जुन्या ३२-बिट पीसींसाठीची आवृत्ती, आणि पुढची पायरी तिच्याबद्दलच आहे.

पायरी ३: मशीन ६४-बिट आहे ना?

डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. ज्या जुन्या नेटबुकांत इंटेलचा ॲटम एन२७० आहे, त्यांच्यावर ट्रिक्सी बसणारच नाही. कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचे कोअर प्रोसेसर ६४-बिट आहेत, त्यांची काळजी नको. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट उघडलं की प्रोसेसर कोणत्या प्रकारचा ते दिसतं. लिनक्स चालू असेल तर टर्मिनलवर 'एलएससीपीयू' टाइप करा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ३२-बिट आणि ६४-बिट असं दोन्ही दिसलं की झालं.

इथे एक गफलत होते. मशीन ६४-बिट, पण त्यावर पूर्वी कोणीतरी ३२-बिट डेबियन टाकून ठेवलेलं. अशा मशीनवर अपग्रेडच्या वाटेला जाऊ नका. डेटा बाहेर काढा आणि ६४-बिट आवृत्ती नव्याने टाका.

सेकंडहँड मशीन घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर माझा सल्ला: प्रोसेसरच्या पिढीपेक्षा रॅम आणि डिस्क बघा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं जुनं मशीन हे ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क असलेल्या नव्यापेक्षा रोजच्या कामाला सुखाचं. ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई निवडा, ८ किंवा जास्त असेल तर ग्नोम किंवा केडीई.

पायरी ४: पेनड्राइव्हवरून चालवून बघा

ही पायरी गाळू नका. डेबियनची 'लाइव्ह' इमेज (पूर्ण प्रणाली असलेली एक मोठी फाइल) उतरवा. ती पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लावत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. इमेज उतरली की तिची बेरीज (चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) तपासा: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' वापरून एसएचए५१२ काढा आणि संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठी फाइल उतरवताना ती मधेच बिघडू शकते आणि मग इन्स्टॉलर अर्ध्यात अडकतो. दोष मात्र डेबियनला जातो. नंतर रुफस किंवा बलेनाएचरने ती पेनड्राइव्हवर लिहा. रुफसने पद्धत विचारली तर 'डीडी' निवडा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू आणा. कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेस्कटॉप आला की घाई न करता एकेक गोष्ट तपासा. वायफाय दिसतं का. आवाज येतो का, माइक चालतो का. झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतं का. पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का.

वायफाय दिसत नसेल तर चिप कोणती ते बघा. डेबियन १२ पासून खासगी फर्मवेअर (चिप चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच येतं, त्यामुळे हा त्रास खूप कमी झाला आहे. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपा अजूनही अडतात, कारण त्यांचं फर्मवेअर वाटण्याची परवानगीच नाही. ते नंतर नेटवरून उतरवावं लागतं. यावर सोपा तोडगा आहे. फोन यूएसबी केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. डेबियनला ते तारेचं नेट वाटतं आणि सगळं उतरवता येतं.

प्रिंटर हा ऑफिसांचा खरा प्रश्न. नेटवर्कवर चालणारे अलीकडचे प्रिंटर बहुधा काहीही न टाकता सापडतात. एचपीच्या लेझरजेट पी१००७, पी१००८ सारख्या लहान मॉडेलांना एचपीएलआयपी हे पॅकेज आणि वर कंपनीचं प्लगइन लागतं. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत हमखास दिसणारा कॅनन एलबीपी२९०० हा 'कॅप्ट' नावाच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, म्हणून लिनक्सवर तो चालवायला बरीच खटपट करावी लागते. दिवसाला पन्नास पानं छापणाऱ्या ऑफिसने ही गोष्ट आधी सोडवावी, डिस्क पुसण्याचा विचार त्यानंतर.

तसंच डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. ते बनवणाऱ्याने लिनक्सचा ड्रायव्हर दिला आहे का ते बघा. आणि हिशेब टॅलीवर असतील तर ते विंडोजसाठीच बनतं, तेव्हा एक मशीन विंडोजवर ठेवा.

पायरी ५: बॅकअप, मग इन्स्टॉल

बाहेरच्या हार्डडिस्कवर फोटो, कागदपत्रं, ब्राउझरचे बुकमार्क घ्या आणि त्यातली दोन-तीन फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का तपासा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज ती मागेल आणि दारातच अडवेल.

लाइव्ह इमेजमधूनच इन्स्टॉल करता येतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी तेच करावं. नेहमीचा इन्स्टॉलर वापरलात तर एका पडद्यावर सावध राहा. तो रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारतो. तिथे काही न लिहिता पुढे गेलात तर तुमच्या खात्याला 'सुडो' चा (सर्वाधिकाराने आज्ञा चालवण्याचा) अधिकार आपोआप मिळतो. पासवर्ड दिलात तर मिळत नाही, आणि पहिल्याच आज्ञेला 'तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही' असं उत्तर येतं. हा बिघाड नाही, डेबियनची जुनी रीत आहे. घरच्या मशीनवर तो रकाना रिकामाच सोडा.

विभागणी करताना 'संपूर्ण डिस्क, सगळ्या फाइल एकाच भागात' हा पर्याय घ्या. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) करायची असेल तर तीही इथेच. लोकलमध्ये रोज लॅपटॉप नेणाऱ्यांनी करावीच.

पायरी ६: मराठी नीट बसवा

इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडता येते. मेनू इंग्रजीत ठेवून फक्त लिहिणं-वाचणं मराठीत करायचं असेल तरी चालतं. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग इनपुट सोर्स, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट येणाऱ्यांचं काम इथेच संपतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांनी 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज टाकावं, एकदा लॉगआउट होऊन परत यावं आणि यादीत मराठी फोनेटिक किंवा आयट्रान्स शोधावं. सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसत असतील तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी' टाका. मराठी मजकुरात ही दोन अक्षरं मराठी वळणाचीच हवीत. शाळेच्या पत्रिका किंवा मंडळाचे अहवाल करणाऱ्यांनी याची तडजोड करू नये.

जुन्या डीटीपी फाइल मात्र वेगळा विषय आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. तोच फॉन्ट टाकला की मजकूर वाचता येतो. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर.

पायरी ७: रोजच्या वापरात भेटणाऱ्या माहीत असलेल्या अडचणी

पहिली आणि महत्त्वाची, 'टीएमपी' फोल्डर. प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाइल तिथे ठेवतात. डेबियन १३ मध्ये हे फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असतं आणि ते जास्तीत जास्त निम्मी रॅम घेऊ शकतं. त्याने वेग वाढतो आणि एसएसडीची झीज कमी होते. पण ४ जीबीच्या मशीनवर ही मर्यादा २ जीबीची झाली. समजा ग्रंथालयात कोणी जुना दिवाळी अंक स्कॅन करून टेसरॅक्टने त्याचा मजकूर काढतंय. शेकडो मोठी चित्रं टीएमपीत साठतात, फोल्डर भरतं आणि 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो. डिस्कवर शंभर जीबी रिकामे असताना हा संदेश बघून माणूस चक्रावतो.

अशा वेळी त्या प्रोग्रॅमला तात्पुरत्या फाइलसाठी घरच्या फोल्डरातली जागा सांगा. ते जमत नसेल तर 'सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' ही आज्ञा देऊन मशीन पुन्हा चालू करा. फोल्डर परत डिस्कवर जाईल.

याच्याच जोडीला दुसरा बदल. नव्याने टाकलेल्या प्रणालीत टीएमपीतल्या १० दिवस न वापरलेल्या फाइल आपोआप पुसल्या जातात, आणि 'व्हार' खालच्या टीएमपीतल्या ३० दिवसांनी. रॅममधलं टीएमपी तर मशीन बंद केलं की रिकामंच. मेलमधून थेट उघडलेली फाइल कित्येकदा टीएमपीतच उघडते. तिच्यात दुरुस्ती करून नुसतं 'सेव्ह' केलंत तर तासाभराचं काम जाईल. आधी 'सेव्ह ॲज' करून ती डॉक्युमेंट्समध्ये घ्या. ऑफिसात शेजारी बसणाऱ्यांनाही हे आवर्जून सांगा.

विद्यार्थ्यांसाठी: 'पिप' ने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाने) थेट काही टाकायला गेलात तर डेबियन नकार देतं आणि पर्यावरण बाहेरून सांभाळलं जातंय असं सांगतं. प्रणालीचं पायथन बिघडू नये म्हणून ही तटबंदी आहे. ती फोडण्याचा पर्याय तिथेच लिहिलेला असतो, तो वापरू नका. 'पायथन३ -एम व्हेन्व्ह' ने प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं फोल्डर करा.

बाकीचं थोडक्यात. कोण कधी लॉगइन झालं हे दाखवणारी 'लास्ट' ही आज्ञा गेली, तिच्या जागी 'डब्ल्यूटीएमपीडीबी' आलं. एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगइन करण्याच्या) जुन्या डीएसए किल्ल्या आता चालत नाहीत.

पायरी ८: डेबियन १२ वरून वर येताना

आधी १२ पूर्ण अद्ययावत करा. बाहेरून जोडलेले सोर्स (ॲप्ट जिथून पॅकेजं उतरवतं ते पत्ते) बंद करा. 'बूट' चा वेगळा विभाग असेल तर तो मोजा: किमान ७६८ एमबीचा हवा आणि त्यात ३०० एमबी मोकळे हवेत, कारण कर्नल आणि फर्मवेअर आता जास्त जागा घेतात. जुने कर्नल काढले की बहुधा भागतं. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर रीबूट करण्याआधी 'सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप' हे पॅकेज आलं आहे याची खात्री करा. ते नसताना रीबूट केलंत तर एन्क्रिप्ट केलेले भाग उघडण्यात अडचण येऊ शकते.

मग सोर्सच्या फाइलमध्ये 'बुकवर्म' (डेबियन १२ चं टोपणनाव) च्या जागी 'ट्रिक्सी' लिहा. 'सुडो ॲप्ट अपडेट', त्यानंतर 'सुडो ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', आणि शेवटी 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड'. लाल यादी इथे सर्वात काळजीने वाचायची. मधे कॉन्फिगरेशनच्या फाइलबद्दल प्रश्न येतील. ज्या फाइलला तुम्ही कधी हात लावलेला नाही तिथे नवी आवृत्ती घ्या. या वेळात वीज जाऊन चालत नाही, म्हणून लॅपटॉप चार्जरवर असू द्या आणि डेस्कटॉप यूपीएसवर. पावसाळ्यात तर नक्कीच. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर 'सुडो ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' दिलंत की सोर्सची यादी नव्या मांडणीत जाते.

टीएमपीत पूर्वीच्या काही फाइल राहिल्या असतील तर अपग्रेडनंतर त्या दिसेनाशा होतात. त्या डिस्कवर असतात, वर रॅममधलं फोल्डर आल्यामुळे झाकल्या जातात. आधीच हलवून ठेवणं सोपं.

पायरी ९: अडलात तर

प्रश्न विचारताना डेबियनची आवृत्ती, मशीनचं मॉडेल आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा द्या. टर्मिनलशी ओळख नसलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत. शाळा-कॉलेजांनी ते जरूर वापरावेत. खरोखरच नवा दोष सापडला तर 'रिपोर्टबग' हे साधन तो डेबियनकडे नोंदवतं. आधी त्या पॅकेजचे नोंदलेले दोष वाचा, तुमचा तिथे असेल तर त्याच नोंदीत आपला अनुभव जोडा. मराठी फॉन्ट आणि कीबोर्डचे दोष आपणच नोंदवले पाहिजेत, ते दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडणार नाहीत.

सुरक्षेच्या दुरुस्त्या ॲप्टमधूनच येत राहतात, आणि दर दोन महिन्यांच्या आसपास दुरुस्त्यांचा एक गठ्ठा निघतो, पहिला, १३.१, सप्टेंबर २०२५ मध्ये आला. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' टाकून ठेवलंत तर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतात. ट्रिक्सीला पूर्ण पाठिंबा ऑगस्ट २०२८ पर्यंत आहे आणि त्यानंतरचा दीर्घ पाठिंबा ३० जून २०३० पर्यंत.